गाडीचं ऑइल: घरी बदलायचं की गॅरेजला द्यायचं?

ज्याला स्टेपनी लावता येते त्याला ऑइलही बदलता येतं, त्यामुळे ‘जमेल का’ हा प्रश्न बाजूला ठेवू. मी दोन्ही करून बसलोय. आधी काही वर्षं नाशिकच्या सिडकोतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः, आता गॅरेजात. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, धावणं बहुतेक शहरातलं, अधूनमधून कसारा उतरून मुंबई. तुमची गाडी अजून वॉरंटीत असेल तर फार विचार करू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि नोंद करून घ्या. गाडी विकतानाही ती नोंद उपयोगी पडते.

पैशाच्या हिशेबात घरचं काम स्वस्त पडतं, पण वाटतं तेवढं नाही. ऑइलचा डबा आणि फिल्टर दोन्हीकडे लागतोच. वाचते ती मजुरी, तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी, आणि बिलात ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची जी एक ओळ असते ती. छोटा गॅरेजवाला मजुरी घेऊन घेऊन किती घेणार? दोन-तीनशे रुपये. त्या तुलनेत गाडी चढवायचे रॅम्प, फिल्टरचा पाना, तेल धरायची परात यांचा खर्च फिटायला बराच काळ जातो.

घरी बदलण्याचं खरं सुख वेगळं आहे. सगळं डोळ्यांसमोर होतं. सर्व्हिस सेंटरमध्ये आपण काचेच्या अलीकडे चहा पीत बसतो, आणि पलीकडे बॅरलमधून नेमकं कोणतं तेल गेलं हे बिलावरूनच कळतं. घरी येऊन डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काडी, काढली तर पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली मी पाहिली आहे. स्वतः ओतताना आपण थांबतो, काडी पुसतो, पुन्हा बघतो. ड्रेन प्लगचं, म्हणजे खालून तेल काढायच्या बोल्टचं, वायसर दर वेळी नवं घालतो. गॅरेजात बरेचदा जुनंच वायसर परत बसतं, मग गळू नये म्हणून प्लग जीव खाऊन आवळला जातो. इंजिनाखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तेलाच्या चेंबरचे आटे गेले की त्या वीस-तीस रुपयांच्या वायसरची किंमत कळते. घरी करणाऱ्यांना एकच सांगणं: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

इतकं सगळं घराच्या बाजूने असूनही मी ते सोडलं, ते जळक्या, म्हणजे वापरून काढलेल्या, ऑइलमुळे. तीन-साडेतीन लिटर काळं तेल परातीत उतरतं आणि तिथून पुढे त्याला कुणी वाली नसतो. घंटागाडीत ते द्यायचं नसतं. भंगारवाला कॅन घ्यायला तयार, पण तेल कोपऱ्यावर ओतून रिकामा कॅन नेणार हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसतं. सेंट्रिंगवाले मात्र आनंदाने नेतात, स्लॅबच्या फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून लावायला. गावाकडचे पाहुणे लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून मागून नेतात. दोन्ही रिवाज जुनेच, पण पहिल्या पावसात ते तेल धुऊन कुठे जातं याचा विचार मनातून जाईना. नाल्यातून नासर्डी नदीत, नासर्डीतून गोदावरीत. एकीकडे कुंभासाठी गोदा स्वच्छ हवी म्हणायचं आणि दुसरीकडे हे.

वापरलेलं तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. २०१६ चे नियम आहेतच. १ एप्रिल २०२४ पासून तर ते परत शुद्ध करून वापरात आणण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. चांगलंच आहे, पण ती साखळी सुरू झालीच तर गॅरेजच्या बॅरलपासून सुरू होते, माझ्या बाल्कनीपासून नाही. बाल्कनीत कॅन साठत गेले आणि दिवाळीच्या साफसफाईला दर वर्षी त्यांचा विषय निघू लागला. शेवटी ते डिकीत घालून मुंबई नाक्याकडच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे नेले. त्याने एकेक करून बॅरलमध्ये रिकामे केले आणि म्हणाला, “भाऊ, तेल घेऊन येताच आहात, तर गाडीच आणत जा ना.”

तेव्हापासून तेच करतो. ऑइल आणि फिल्टर माझे, मजुरी त्याची. डबा सीलबंद घेतो, ग्रेड गाडीच्या पुस्तकात लिहिलेलाच. जुने मेकॅनिक ‘नाशिकच्या उन्हाला जाड तेल बरं’ म्हणून वीस-पन्नास (20W-50) सुचवतात. पुस्तकात पातळ पाच-तीस (5W-30) असेल तर नम्रपणे नको म्हणावं. वायसर मी खिशात घेऊन जातो. काम चालू असताना शेजारी उभं राहिलं तर इथे कुणी हटकत नाही, आणि प्लग बसवताना “बस, बस” म्हणता येतं. रिकाम्या डब्याला निघण्याआधी भोक पाडतो, म्हणजे त्यात बनावट तेल भरून तो परत बाजारात जायला नको.

अर्थात प्रत्येक गॅरेजचं बॅरल योग्य जागी जातं असं नाही. काहींचं तेल सेंट्रिंगवाल्यांकडेच पोचत असेल. म्हणून गॅरेज निवडताना मजुरीच्या आधी ‘बॅरल कोण उचलतं’ हे विचारावं. उत्तर द्यायला कां-कूं करणारा मला तरी नको वाटतो. शनिवारी-रविवारी मात्र जाऊ नका, गर्दीत तुमच्या वायसरकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

गंगापूर रोडला किंवा मखमलाबादकडे बंगला असेल, पोर्च सपाट असेल आणि जुनं तेल विश्वासाने घेणारा गॅरेजवाला माहितीतला असेल, तर घरीच करा, मजा येते. माझे रॅम्प पार्किंगच्या कोपऱ्यात पडून आहेत, हवे असतील तर घेऊन जा.