बाबांच्या आरएक्सचा कार्बोरेटर माझ्या डोळ्यांदेखत बदलला

मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर. २० मायक्रॉन इकडेतिकडे झाले तर अख्खा लॉट परत पाठवतो. आणि मला एका कार्बोरेटरवाल्याने ११,२५० रुपयांना गंडवलं. हसायचं तर हसून घ्या, घरचे हसलेतच.

गाडी बाबांची. यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल, १९९३ची. १९९६ला कंपनीने ही गाडी बनवणंच बंद केलं, त्यामुळे ओरिजिनल पार्टला काय भाव आहे ते तुम्हाला सांगायला नको. गाडी आयडलिंगला, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर, टिकत नव्हती. कार्ब, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर, ओव्हरफ्लो व्हायचा. आमचे जुने मेकॅनिक वारले. त्यांचा मुलगा कार्बऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्याच गाड्या करतो. २०२०ला बीएस सिक्स हा प्रदूषणाचा नियम आल्यापासून नवी पोरं कार्बला हात लावायला तयार नसतात. मग कोणीतरी द्वारकेकडच्या एका ‘ट्यूनिंग स्पेशालिस्ट’चं नाव सुचवलं.

अल्ट्रासॉनिक वॉश ६००, किट १,८५०, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या ‘जपानी’ जेट आणि नीडलचा सेट २,४००, मजुरी १,२००. एकूण ६,०५०. त्यातले २,००० आधीच यूपीआय केले. पावती म्हणजे सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेले आकडे. कार्ब तीन दिवस त्याच्याकडे. कार्ब दुकानात सोडून घरी येऊ नका हो! खोलून, धुऊन, बसवायला फार तर दोन तास लागतात. ज्याला तीन दिवस लागतात तो तुमच्या कार्बला गिऱ्हाईक शोधत असतो.

आता तो स्क्रू. फ्लोट बाऊलच्या, म्हणजे कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, ड्रेन स्क्रूचे आटे पूर्वी गेले होते. तेव्हा बाबांनी सातपूरच्या एका लेथवाल्याकडून भोक मोठं करून जाड पितळी स्क्रू बनवून घेतला होता, षटकोनी डोक्याचा. लहानपणी दर रविवारी तो फडक्याने घासायचं काम माझं. परत आलेल्या कार्बला तिथे साधा स्टीलचा स्क्रू. मी बघितला. त्यावर अंगठा फिरवला. विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “किटमध्ये नवीन येतो, साहेब.” आणि मी मान डोलावली! मोठ्या केलेल्या भोकात किटमधला बारीक स्क्रू बसेल कसा? बाऊलच बदलल्याशिवाय बसणार नाही. हे मला, रोज थ्रेड गेज लावणाऱ्याला, कळू नये? बॉडी चकचकीत होती, पण अल्ट्रासॉनिकने चमक येतेच हे मला माहीत होतं, आणि त्या माहितीनेच घात केला. शिवाय पाऊस भरून आला होता, आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. बाबा गेल्यापासून तो आवाज असा स्वच्छ ऐकला नव्हता. तुम्ही असतात तर स्क्रू बघत बसला असतात का?

चार दिवसांनी थ्रॉटल सोडला तरी आरपीएम उतरेना. परत गेलो. “पेट्रोल वाढवतो,” म्हणत त्याने एअर स्क्रू बाहेर काढला आणि ९०० घेतले. या कार्बला तो स्क्रू बाहेर काढला की हवा वाढते, पेट्रोल नाही. असं उलटं बोलणारा भेटला की किल्ली उचला आणि निघा. मी निघालो नाही.

पुढच्या रविवारी अंजनेरीच्या अलीकडे पिस्टन जॅम. टू-स्ट्रोक लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, अशी चालली की इंजिन तापून हेच होतं. मागे मुलगी बसली होती. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून दोघं उभे आहोत. प्लग काढला तर खडूसारखा पांढरा. बोअर आणि पिस्टनला ४,३०० गेले. ते काम करणाऱ्या मेकॅनिकने बाऊल उघडून दाखवला. जेटवर मिकुनी या कार्ब बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का नाही, नंबरही नाही. “काका, अख्खा कार्बच डुप्लिकेट आहे.”

दुकानदार म्हणतो, तुम्ही हाच दिला होता. देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, बाऊलच्या आतून खूण कोरा. माझ्याकडे एकही फोटो नाही.

पोलिसांकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा, हद्द आमची नाही. ज्यांची हद्द त्यांनी दीड तास बाकावर बसवलं आणि विचारलं, “कार्बोरेटर म्हणजे सायलेन्सर का?” समजावून सांगितलं. “मग गाडी आहे ना तुमच्याकडे? चोरीला काय गेलं?” पुन्हा समजावलं. तेवढ्यात चहा आला, साहेब उठले, दुसरे आले, पुन्हा पहिल्यापासून. पक्कं बिल मागितलं. मी म्हटलं, ही फसवणूक आहे, ४२०. तर म्हणे नव्या न्याय संहितेत ते आता ३१८ झालंय. कलम बदललं, उत्तर तेच: हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. तिसऱ्या दिवशी एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद हातात ठेवला, त्यावर माझी गाडी ‘स्कूटर’ झालीय. तीन सुट्ट्या गेल्या त्या वेगळ्याच. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही हे ठाऊक आहे, पण दाखवू काय? सिगारेटचं पाकीट? म्हणून सांगतो, बिलाशिवाय रुपया देऊ नका, आणि काढलेले जुने पार्ट मागून घ्या, अगदी झिजलेला वॉशरसुद्धा.

पैसे गेले ते गेले. पण कोणाला जुन्या बाजारात किंवा एखाद्या आरएक्सला पितळी, षटकोनी, जाड ड्रेन स्क्रूचा कार्ब दिसला तर कळवा. तो आमचा आहे. सांगतील ती किंमत देऊन परत घेईन.