पुण्यात ‘पोर्तुगालचा कॉर्क’ घेताय? आधी हे वाचा

घरी व्हिव्हेरियम, म्हणजे काचेच्या टाकीत झाडांचं छोटंसं जंगल, करणारे पुण्यात आता बरेच झालेत, आणि त्यांच्या हौसेवर डोळा ठेवून बसलेले भामटेही. काचेच्या टाकीची मागची भिंत जंगलातल्यासारखी दिसावी म्हणून मला कॉर्कची साल आणि मॉस (दमट जागी वाढणारी मखमलीसारखी हिरवी वनस्पती) हवं होतं. मोबाइलवर एक विक्रेता सापडला. ‘पोर्तुगालचा कॉर्क, धुऊन-उकळून तयार, थेट चिकटवा.’ साडेतीन हजार आगाऊ घेतले, बिल ‘नंतर पाठवतो’ म्हणाला आणि डेक्कनला कुणाच्या तरी हाती पोतं पाठवलं.

बोहरी आळीतून सिलिकॉन आणि फोम आणला. भिंत बसवली, सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत टाकी उघडी ठेवली, मग नेचे लावले. पाण्याची फवारणी सुरू झाली आणि भिंतीवरून कोऱ्या चहासारखं पाणी ओघळू लागलं. पाठोपाठ पांढरी बुरशी आली, कुजका वास आला. सालीचे पापुद्रे सुटून फोमवरून गळून पडले. नेच्यांची मुळं काळी पडली.

गळालेला तुकडा सुरीने चिरला, तर आत लांब लांब तंतू! कुठल्या तरी साध्या झाडाची साल होती ती. अशा सालीच्या आतल्या थरात झाडाचं अन्न वाहत असतं, म्हणून बंद, दमट टाकीत बुरशी तिच्यावर तुटून पडते. खरा कॉर्क म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका जातीच्या ओक झाडाची बाहेरची साल. तो स्वच्छ कापला जातो, तंतू निघत नाहीत, नखाने दाबला तर परत वर येतो. रात्रभर पाण्यात ठेवला तरी तरंगतो आणि मधोमध कोरडा राहतो, कारण त्यातला सुबेरिन हा मेणासारखा पदार्थ पाणी आत शिरू देत नाही. पोर्तुगालमध्ये एका झाडाची साल पुन्हा काढायला किमान 9 वर्षं थांबावं लागतं. तो स्वस्त मिळेलच कसा?

मॉसचीही तीच गत. ‘जिवंत’ म्हणून दिलेलं मॉस पांढऱ्या वाटीत कोमट पाण्यात टाकलं, तर पाणी हिरवंगार झालं. भिंती सजवायला ग्लिसरिन आणि रंग लावून टिकवतात, तसलं मेलेलं मॉस होतं ते. दमट टाकीत ते फक्त कुजतं.

फोन केला तर म्हणाला, “साहेब, तुमचं पाणी जड असेल.” आमच्याकडे खडकवासल्याचं पाणी येतं, बोअरचं नाही. मग म्हणाला, “ताम्हिणीतून ताजी साल काढून देतो, पैसे नका देऊ.” याचा मला फसवणुकीपेक्षा जास्त संताप आला. ताम्हिणी 2013 पासून अभयारण्य आहे. तिथली साल किंवा मॉस ओरबाडणं गुन्हा आहे, आणि भोवताली साल सोललेलं झाड उभ्या उभ्या मरतं. मी नाही म्हटल्यावर त्याने नंबर ब्लॉक केला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. पैसे पाठवल्याची नोंद, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि तो चिरलेला तुकडा जपून ठेवलाय. पैसे अजून परत आलेले नाहीत, आणि तेच फोटो आता दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसतायत. कुणी असं आगाऊ पैसे मागितले, तर आधी एक तुकडा समोर कापून दाखवायला सांगा आणि बिल हातात पडल्याशिवाय रुपयाही पाठवू नका.