दोन डबे, एक चकती: स्टीलचा कॉफी फिल्टर आणि त्यात घालायची पूड

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. तुम्ही दूध घालून कॉफी पिणारे असाल, घरात कॉफी पिणारी दोन-तीन माणसं असतील आणि सकाळी वीस मिनिटं धीर धरवत असेल, तर दक्षिणेतला साधा स्टीलचा फिल्टर घ्या. तीनशे ते सहाशे रुपयांत येतो. वीज नको, कागद नको, बिघडण्यासारखं आत काही नाही. काळी कॉफी पिणाऱ्यांनी मात्र यात पैसे घालू नयेत. का, ते पुढे येईलच.

मी मूळची कोल्हापूरची, लग्न झाल्यापासून बंगळूरला, मल्लेश्वरम भागात. आमच्याकडे कॉफी म्हणजे भरपूर दूध, भरपूर साखर आणि वर जायफळ. पाहुणे रात्री उशिरा टेकले किंवा कुणाला कणकण आली की व्हायची. रोजचा मान चहाचा. इथे उलटं. इथे लोक दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्यानं खायच्या छोट्या उपाहारगृहात, उभ्या उभ्या एका कॉफीत दोघं भागवतात, त्याला ‘बाय टू’ म्हणतात, आणि ती दोन घोटांची अर्धी कॉफी इतकी कडक असते की आमच्या घरची पेलाभर कॉफी तिच्यापुढे औषधाचं दूध वाटावी. ही अशी घरी का होत नाही, या चिडीतून मी या भांड्याच्या नादाला लागले.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारे दोन डबे. वरच्याच्या तळाला बारीक भोकं. आत दांडीची एक चकती, तीही भोकांची, पूड दाबायला. वर झाकण. पूड वरच्या डब्यात, तिच्यावर गरम पाणी, आणि खालच्या डब्यात थेंब थेंब उतरतं ते डिकॉक्शन. संपलं यंत्र.

पण दुकानात सगळे सारखेच दिसतात आणि तसे ते नसतात. वरचा डबा उजेडासमोर धरून तळ बघा. भोकं एकसारखी, सुईच्या टोकाएवढी आणि जवळजवळ हवीत. मोठी असली तर गाळ खाली येतो आणि शेवटचा घोट कचकचतो. मी पहिला फिल्टर ऑनलाइन मागवला होता. फोटोत झकास. आला तो भोकं तिरपी पाडलेला, कडेला पत्र्याची धार राहिलेली, आणि विक्रेत्याचं उत्तर एकच, वापरलेलं भांडं परत घेत नाही. न वापरता कळणार कसं, हे त्यांनाच ठाऊक. दुसरी गोष्ट, वरचा डबा खालच्यात बसताना ना डगमगला पाहिजे, ना घट्ट रुतला पाहिजे. फार घट्ट असेल तर वाफेनं असा चिकटतो की सकाळी सात वाजता दोघांनी दोन बाजूंनी ओढावा लागतो. तिसरी, जाड पत्रा. पातळ पत्र्यात पाणी लवकर निवतं आणि डिकॉक्शन फिकं उतरतं.

पितळी फिल्टरही मिळतो, दिसतो राजबिंडा, उष्णताही छान धरतो. पण त्याला आतून कल्हई हवी, ती उडाली की पुन्हा करून घ्यायला हवी, आणि कल्हईवाला आता शोधावा लागतो. शोकेससाठी हवा असेल तर घ्या.

आता खरा मुद्दा. या भांड्यात हुशारी काही नाही, ते फक्त गाळतं. चव सगळी पुडीत. दोन हजारांचं उपकरण आणि सहा महिने कपाटात पडलेली पूड, यापेक्षा चारशेचा फिल्टर आणि याच आठवड्यात भाजलेली पूड कधीही सरस.

आमच्या रस्त्यावर पूड दळून देणारं जुनं दुकान आहे, अशी दुकानं इथल्या बहुतेक जुन्या वस्त्यांत आहेत. वास कोपऱ्यावरच येतो. काउंटरवर बियांचे डबे, मागे दळणयंत्र. आपण तोंड उघडायच्या आत मालकांचा प्रश्न येतो, “अम्मा, एष्टु चिकोरी?” चिकोरी (कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ) किती? मी म्हणते, “अण्णा, वीस टक्के,” आणि ते तराजूकडे वळतात. पहिल्यांदा गेले तेव्हा डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून मी गप्प उभी होते: प्लांटेशन ए, पीबेरी, रोबस्टा चेरी. त्यांनी गिऱ्हाइकं थांबवून समजावलं. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती. प्लांटेशन म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका. चेरी म्हणजे अख्खं फळच उन्हात वाळवून मग सोललेलं. ए, बी ही अक्षरं बीच्या आकाराची, चाळणीतून ठरतात. एरवी एका फळात दोन बिया पोटाला पोट लावून असतात, म्हणून त्या एका बाजूनं चपट्या. कधी एकच वाढते आणि गोल होते, ती पीबेरी. डब्यातून मूठभर काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या तेव्हा फरक डोळे मिटूनही कळत होता. त्या घरंगळत होत्या, बाकीच्या बसून राहिल्या.

अरेबिका सुवासिक, किंचित आंबूस, मऊ. रोबस्टा कडू, जाड, आणि कॅफिन तिच्यात जवळपास दुप्पट. नुसती अरेबिका श्रेष्ठ असं सांगणारे खूप भेटतील. काळ्या कॉफीसाठी ते खरं असेल. पण दूध पडलं की नाजूक अरेबिका त्यात बुडून जाते, थोडी रोबस्टा असेल तर कॉफी दुधाला पुरून उरते. माझं प्रमाण दोन भाग प्लांटेशन ए, एक भाग रोबस्टा.

चिकोरीवरून लोक भांडतात. ते एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. आपल्याकडे गुजरातेत पिकतं. कॅफिन शून्य. रंग आणि दाटपणा भरपूर देतं आणि कॉफीपेक्षा स्वस्त पडतं, त्यामुळे तयार पाकिटांत सढळ हातानं असतं. नियमानं मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि प्रमाण पाकिटावर छापायला हवं. म्हणूनच ५३-४७ अशी पाकिटं निघतात. म्हणजे कॉफीच्या नावानं आपण जवळजवळ निम्मं मूळ उकळून पितो. छापलेल्यावर विश्वास नसेल तर काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या आणि वरून चमचाभर पूड भुरभुरा. कॉफी तरंगते. चिकोरी काही क्षणांत खाली निघते, मागे तपकिरी रेघा सोडत. मी घरी तीन पुड्या शेजारी शेजारी करून पाहिल्या. एका पाकिटाच्या ग्लासात तर मिनिटभरात पाणी चहासारखं झालं. तरी चिकोरी म्हणजे भेसळच असं मी म्हणणार नाही. पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत ती डिकॉक्शनला अंग देते. तिसाच्या पुढे मात्र जिभेवर गुळचट कडूपणा रेंगाळतो.

पुडीच्या नादानं मग ती कुठून येते हेही बघून झालं. देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के एकट्या कर्नाटकातली: कोडगू, चिकमगळूर, हासन. बंगळूरहून चिकमगळूरला पहाटे निघालं तर नाश्त्याच्या वेळी पोचता येतं. बाबाबुडन नावाच्या सूफी संतानं येमेनमधल्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि इथल्या डोंगरात लावल्या, ही कथा तिथला प्रत्येक गाडीवाला सांगतो. ज्या डोंगररांगेला त्यांचं नाव आहे तिथली अरेबिका ‘बाबाबुडनगिरी’ म्हणून वेगळी ओळखली जाते. २०१९ मध्ये पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातली ती एक. बाकी कोडगू अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि आंध्रातली अराकू खोऱ्यातली अरेबिका.

मळा बघायला गेलात तर झाडांपेक्षा वर बघा. कॉफी सावलीत वाढते. वर सिल्व्हर ओक, त्यांच्यावर मिरीचे वेल, आणि खाली आपल्या खांद्याएवढी छाटलेली कॉफी. ती सावली शोभेची नाही: अरेबिकाचं खोड पोखरणारी एक अळी असते, आणि उन्हात तापलेल्या खोडांवर तिचा उपद्रव जास्त. मार्च-एप्रिलमध्ये एक सर हवी असते. ती पडली की आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढरा होतो, वास मोगऱ्याच्या जवळपास जाणारा, आणि दोन-चार दिवसांत सगळं झडतं. सर आली नाही तर तुषार सिंचन लावावं लागतं. जानेवारीत गेलात तर खळ्यात फळं वाळताना दिसतील, बायका दंताळ्यानं ती उलटीसुलटी करत असतात. तोडणी हातानं, पिकलेलं लालच तेवढं, म्हणून एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं. हे पाहिल्यावर पुडीच्या भावावर मी घासाघीस करत नाही. तसेही २०२४ मध्ये रोबस्टाचे जागतिक भाव विक्रमी चढले, व्हिएतनामातल्या दुष्काळाचा त्यात हात होता, आणि अण्णांच्या फळ्यावरचा खडूचा आकडा तेव्हापासून सारखा पुसला जातोय.

(महाराष्ट्रातही कॉफी पिकते बरं का, विदर्भात चिखलदऱ्याला. फिरायला गेलात तर विचारून घ्या.)

आता कृती. दोन कपांच्या फिल्टरला पुडीचे तीन शीगोशीग चमचे. डबा हलक्या हातानं आपटून पूड सपाट करायची, चकती ठेवून अलगद दाबायची. जोर लावायचा नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग आधी फक्त पूड भिजेल एवढंच ओता. ताजी पूड असेल तर ती फसफसून वर येते, बारीक बुडबुडे फुटतात. भाजताना आत अडकलेला वायू बाहेर पडत असतो. पूड निपचित राहिली तर ती शिळी आहे, दुकान बदला. मग उरलेलं पाणी, एकूण साधारण अर्धा पेला, गोल फिरवत ओता आणि झाकण लावा.

यानंतर कान द्या. पहिले थेंब टपटप पडतात, मग लय मंदावते. पंधरा ते वीस मिनिटांत काम झालं तर उत्तम. पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर पूड जाड आहे किंवा नीट दाबलेली नाही. अर्ध्या तासानंही पाणी वरच असेल तर पूड फार बारीक. अशा वेळी बाजूला चमच्यानं दोन टिचक्या मारा, वाट मोकळी होते. दुकानात दळून घेताना ‘फिल्टरसाठी’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

दूध मलईचं आणि नुकतं उकळलेलं. डिकॉक्शन कधीही गॅसवर ठेवायचं नाही, जळका कडूपणा येतो. गार झालं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा. एक भाग डिकॉक्शन, तीन भाग दूध, साखर आपापली. मग डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे पसरट वाटी आणि पेल्यात, वर-खाली ओतून फेस. ही ओतण्याची कला नवऱ्याला माझ्या आधी साधली. तो पितो चहाच.

धुताना वरच्या डब्याला घासणीनं मारझोड करू नका. गरम पाणी पुरतं. भोकं बुजली तर रिकामा डबा चिमट्यानं धरून काही क्षण गॅसच्या ज्वाळेवर तळ धरायचा, अडकलेला चुरा जळतो, मग धुवायचा. चोथा कुंड्यांत जातो.

उणिवा आहेत. कपभर कॉफीसाठी चारजणांचा फिल्टर चालत नाही, पूड पातळ पसरते आणि पाणी धावतं. त्यामुळे माणसं बघून माप घ्यावं लागतं आणि बहुतेक घरांत शेवटी दोन मापं होतात. दहा पाहुणे आले की हा हात टेकतो. धातूची मूठ असलेलं झाकण चटके देतं. आणि काळी कॉफी यातून मजा देत नाही: बारीक पूड आणि पाण्याशी इतका वेळ संग, त्यामुळे डिकॉक्शन दुधाशिवाय अंगावर येतं. हल्ली छोट्या भाजणाऱ्यांकडून फिक्या भाजलेल्या, एकाच मळ्यातल्या बिया मिळतात. त्यांची फळासारखी आंबट-गोड चव हवी असेल तर कागदी गाळणीचं ड्रिपर घ्या किंवा फ्रेंच प्रेस, म्हणजे दांडीच्या जाळीनं पूड खाली दाबायचं भांडं. मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवून वाफेच्या दाबानं पाणी पुडीतून वर चढवणारं भांडं, तेही वापरून पाहिलं. १९३३ पासूनचं इटालियन डिझाइन, देखणं आणि झटपट, पण आपल्या गॅसच्या जाळीवर छोटं पॉट डुगडुगतं, वर वेगळी जाळी ठेवावी लागते, आणि दुधाच्या कॉफीत मला फिल्टरचंच पारडं जड वाटलं.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या चटक्यांचा कापला.

मुंबईकरांनी पुडीसाठी माटुंग्याला जावं, मागाल त्या प्रमाणात दळून मिळते. बाकीच्यांनी जिथून घ्याल तिथे भाजल्याची तारीख विचारा, आणि एका वेळी पाव किलोच्या वर घेऊ नका. उरलेली पूड घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्याच्या फळीपासून लांब. आमच्याकडे एकदा ती गोड्या मसाल्याशेजारी राहिली होती. पिणाऱ्यानं तोंडावर काही म्हटलं नाही, पण दुसरा कप मागितला नाही.