14,800 रुपयांचा काटा

चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाटात जीप बंद पडली, तेव्हा पेट्रोलचा काटा पाऊण टाकी दाखवत होता. शेजारी आई, मागे बायको, तिच्या पायाशी सुकटीची पिशवी. आई म्हणाली, "पेट्रोल घातलंयस ना रे?" मी बोटाने मीटर दाखवला. मग बॉनेट उघडून सगळं बघितलं. कॉइल बघितली, प्लगच्या वायरी दाबून बघितल्या. शेवटी इंजिनवरच्या पेट्रोल पंपाच्या काचेच्या वाटीकडे लक्ष गेलं. ती कोरडी ठणठणीत होती.

त्या काट्यासाठी मी तीन आठवड्यांपूर्वी 14,800 रुपये मोजले होते.

जीप वडिलांची. महिंद्राची सीजे थ्री-बी, पेट्रोलवर चालणारी. अमेरिकेत विलीजने हे मॉडेल 1953 ते 1968 पर्यंत काढलं, आपल्याकडे महिंद्राने ते त्यानंतरही चालू ठेवलं. इंजिन उंच म्हणून बॉनेटही उंच, त्यामुळे लांबूनही ओळखू येते. आमच्या भागातल्या बहुतेकांनी कधीच डिझेल इंजिन बसवून घेतलं. वडिलांनी बसवलं नाही, आणि ते गेल्यावर मीही हात लावला नाही. लिटरला सात-आठ किलोमीटर देते. हौस म्हणायची आणि गप्प बसायचं.

दिवाळीच्या आधी तिला रंग दिला. पेंटरने चांगलं काम केलं, ड्रायव्हरच्या सीटखालची टाकीसुद्धा बाहेर काढून काळ्या रंगात रंगवली आणि पट्ट्यांखाली नवं रबर घालून परत बसवली. त्यानंतर काटा रिकाम्यावर जो पडला तो उठेना. रंग आणि काटा यांचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. जुनी गाडी आहे, काहीतरी गेलं असेल, असं म्हणून हायवेलगतच्या एका गॅरेजात नेली. नाव लिहीत नाही. जुन्या गाड्यांचा स्पेशालिस्ट म्हणून त्याची ख्याती आहे, दारात नेहमी दोन-तीन फियाट आणि एखादी अँबॅसिडर उभी असते. त्यालाच मी भुललो.

त्याने टाकीकडे बघितलंही नाही. डॅशबोर्डवरच्या छोट्या गोल मीटरवर टकटक केली आणि म्हणाला, "साहेब, मीटर जळालाय. सहा व्होल्टचा मीटर, गाडी बारा व्होल्टची." दुसऱ्या दिवशी फोन आला, टाकीतलं युनिटही, म्हणजे पेट्रोल किती आहे ते मीटरला कळवणारा भागही, गेलंय. "आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं ना सर, जुना माल टिकत नाही." तिसऱ्या दिवशी टाकीत गंज सुटलाय, आतून कोटिंग करावं लागेल, आणि वायरिंग तर पार सडलंय.

माणूस निव्वळ खोटं बोलला असता तर मला शंका आली असती. पण यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या गाडीबाबत खरं आहे. सुरुवातीच्या विलीज जीप सहा व्होल्टच्याच होत्या. युनिटचा पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट जुन्या काळी बुचाचा असे, त्यावर लाखेचा थर असतो, तो अल्कोहोलमध्ये विरघळतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या टाकीतला गंज सुटून येतो. हे सगळं मी वाचलेलं होतं, म्हणून मान डोलावत गेलो. आमची जीप मात्र वडिलांच्या आठवणीतही बारा व्होल्टचीच, आणि फ्लोट पितळेचा. एवढं त्याला विचारायचं सुचलं नाही.

हातात आलं ते वहीचं एक पान: मीटर 3,800, युनिट 4,200, टाकी सफाई-कोटिंग 3,500, वायरिंग 1,800, मजुरी 1,500. ना शिक्का, ना नंबर. जुना मीटर मागितला तर म्हणाला, "भंगारात गेला, काय करायचाय?" काटा टुणकन उभा राहिलेला बघून मी खूश होतो, वाद घातला नाही.

टाकी फुल केली तर काटा फुलच्या रेषेच्याही पुढे गेला. मला वाटलं, नवा आहे, जोरात आहे. पुढे तो हळूहळू पाऊणवर आला आणि तिथेच रेंगाळला. दीडशे किलोमीटर झाले तरी पाऊण. मी बायकोला म्हणालो, "बघ, रंग दिल्यापासून ॲव्हरेज वाढलंय." ती काही बोलली नाही. अजूनही हे वाक्य अधूनमधून मला ऐकवते.

घाटात एका दुचाकीवाल्याच्या मागे बसून गेलो, पेट्रोल मिळवून परत आलो. तोवर आई दोन तास दगडावर बसून होती. ती आठवण काढायला नको.

कराडला एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, आता दुकान मुलगा बघतो. त्यांच्याकडे गेलो. काकांनी आधी माझ्या हातात विडी नाही ना ते विचारलं, मग टाकीचं झाकण घट्ट आहे का ते बघितलं, मगच सीट काढली. टाकीवर युनिट पाच स्क्रूंनी बसवलेलं असतं. त्यातल्या एका स्क्रूला एक कोरी हिरवी वायर जोडलेली होती, दुसरं टोक चॅसीवर कसलेलं. काकांनी इग्निशन चालू करायला सांगितलं. "आता बघा," म्हणाले आणि ती वायर सोडली. काटा सावकाश खाली उतरत रिकाम्यावर जाऊन पडला. वायर लावली, परत वर चढला. "ह्यो तुमचा आजार. बाकी कायबी नव्हतं."

मग उकल झाली. मीटरला एका वायरीतून करंट जातो, मीटरमधून टाकीच्या युनिटपर्यंत येतो आणि युनिटमधून टाकीच्या पत्र्यावाटे गाडीच्या बॉडीला मिळतो. फ्लोट वर-खाली होतो तसा युनिटमधला रोध बदलतो आणि काटा त्याप्रमाणे हलतो. पेंटरने टाकी जाड रंगात बुडवली, खाली रबर घातलं, स्क्रूही रंगवले. अर्थिंगच तुटलं. करंटला जायला वाट नाही म्हणून काटा झोपला. हे गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, कारण ती हिरवी वायर त्यानेच टाकली. वीस रुपयांची वायर आणि दहा मिनिटं, आणि बाकीचे पैसे कशाचे?

काकांनी युनिट बाहेर काढलं. नव्या युनिटचे 4,200 दिले होते मी. पितळेच्या फ्लोटच्या बुडाशी शिशाचा एक ओबडधोबड टाका होता. मी चौथी-पाचवीत असताना त्या फ्लोटला भोक पडलं होतं, आत पेट्रोल शिरून तो बुडायचा आणि मीटर कायम रिकामा दाखवायचा. वडिलांनी ओट्यावर बसून सोल्डर गनने तो टाका मारला होता आणि गॅसजवळ हे काय चाललंय म्हणून आईने त्यांना झापलं होतं. आता गॅरेजात फ्लोट घासून चकचकीत केला होता, पण टाका तसाच होता. मी बराच वेळ तो हातात धरून बसलो.

काकांनी मल्टिमीटर लावून युनिटचा रोध मोजला. फ्लोट खाली असताना सत्तरच्या पुढे ओम, वर नेला की दहाच्या आसपास, मधे कुठेही उडी नाही. म्हणजे युनिट ठणठणीत. नवा मीटर मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीच्या युनिटसाठी बनवलेला. त्याच्या हिशेबाने रिकामं म्हणजे दोनशेच्या वर ओम. आमची टाकी तळाला गेली तरी सत्तरच, म्हणून तो बिचारा पाऊणच्या खाली उतरणारच नाही. टाकीत आत बॅटरी मारली, कोटिंगचा पत्ता नव्हता.

तुमच्या गाडीचा काटा मेला असेल तर गॅरेजात नेण्याआधी एवढं घरीच करा. टाकीचं झाकण बंद, आसपास आग नाही. इग्निशन बंद ठेवून युनिटवरची वायर काढा, टाकीपासून दूर चॅसीच्या खरवडलेल्या पत्र्याला धरा आणि कोणाला तरी इग्निशन चालू करायला सांगा. काही गाड्यांत काटा फुलला जातो, काहींत रिकाम्याला, पण वायर लावल्या-काढल्यावर तो हलला तर मीटर आणि वायर दोन्ही शाबूत आहेत. जुन्या मीटरचा काटा सावकाश चढतो, घाई करू नका, पण तसं जास्त वेळ धरूनही ठेवू नका, मीटर तापतो. मग इग्निशन बंद करून ती वायर परत युनिटला लावा, युनिटच्या स्क्रूपासून चॅसीला एक वेगळी वायर जोडा आणि इग्निशन चालू करून बघा. तेवढ्याने काटा उठला तर कोणालाही एक पैसा देऊ नका. आणि जुना सुटा भाग डोळ्यांसमोर पिशवीत घालून घेतल्याशिवाय गॅरेजातून निघू नका. आपल्याला तो भंगार वाटतो, पण हौशी लोक त्याला चांगले पैसे मोजतात, आणि हे गॅरेजवाल्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

मी फ्लोट घेऊन त्या गॅरेजात परत गेलो. गॅरेजवाला आधी हसला, मग कामावरच्या पोराच्या अंगावर ओरडला, "नवीन युनिट बसवायला सांगितलं होतं ना तुला?" पोरगं खाली बघत उभं राहिलं. 4,200 परत दिले. कोटिंगचं विचारलं तर म्हणाला, "केलंय, पारदर्शक असतं." मीटरबद्दल बोलायलाच तयार नाही. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार करता येते, आणि 2019 च्या कायद्यात बिल न देणं हीच अनुचित प्रथा मानली आहे. तक्रार केली आहे, सोबत वहीच्या पानाचा फोटो जोडलाय. बघू.

हिरवी वायर तशीच ठेवली आहे, चांगली बसवलीय त्याने. मीटरच्या जागी सध्या भोक आहे, त्यावर आईने पोस्टकार्डाचा तुकडा चिकटवलाय, त्यावर मी पेट्रोल भरल्याचं किलोमीटर पेन्सिलीने लिहितो. पुण्याला गेलो की रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारतो. परवा एक मीटर दिसला, तसाच गोल, तसाच पांढरा काटा. उलटा करून मागे बघितलं. आमच्या मीटरच्या मागे वडिलांनी खिळ्याने तारीख कोरली होती. त्याच्यावर नव्हती.