टीएसएनचं वेळापत्रक स्वतः बनवून आठ महिने चालवलं, त्याचा अनुभव

आमच्याकडे एका पॅकिंग मशीनच्या नेटवर्कसाठी टीएसएन (टाइम-सेन्सिटिव्ह नेटवर्किंग, म्हणजे ठरल्या वेळेलाच डेटा पोचवणारं इथरनेट) घ्यायचं ठरलं आणि शेड्युल कोण बनवणार तर मी, कारण मीटिंगमध्ये मीच जास्त बोलले होते. भोसरीत बसून केलंय सगळं. चार स्विच, अकरा डबे म्हणजे मोटरचे ड्राइव्ह, कॅमेरे, आयओ (इनपुट-आउटपुटचे डबे) आणि दोन लिनक्सचे पीसी, साठेक स्ट्रीम, म्हणजे ठरावीक वेळाने एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा डेटा. मोठ्या प्लांटवाल्यांनी हसू नये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ८०२.१क्यूबीव्ही या टीएसएनच्या स्टँडर्डवर चालणाऱ्या स्विचमध्ये प्रत्येक पोर्टवर आठपर्यंत रांगा असतात आणि प्रत्येक रांगेपुढे एक फाटक. कुठलं फाटक कितव्या नॅनोसेकंदाला उघडायचं आणि किती वेळ, याची यादी पोर्टमध्ये भरायची, यादी संपली की परत पहिल्यापासून. सगळ्या डब्यांची घड्याळं ८०२.१एएसने जुळवलेली असतात, त्यामुळे कंट्रोलची फ्रेम (डेटाचं एक पाकीट) येते तेव्हा तिचं फाटक उघडं आणि बाकीच्यांची बंद, मग कॅमेऱ्याचा कितीही लोंढा येऊ दे. स्टँडर्ड २०१५चं आहे, लिनक्समध्ये हीच फाटकं चालवणारा टॅप्रिओ ४.२० कर्नलपासून आहे, म्हणजे यात नवीन काही नाही. गाडी अडते ती यादी बनवताना. एका लिंकवर दोन फ्रेम एका वेळी नकोत, प्रत्येक स्ट्रीम तीन-चार लिंक ओलांडून जाणार, आणि प्रत्येकीला डेडलाइन. मी एक्सेलमध्ये हाताने बारा स्ट्रीमपर्यंत पोचले, तेरावी बसवायला आधीच्या पाच हलवाव्या लागल्या तेव्हा नाद सोडला.

मग एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअर ट्रायलवर आणलं, नाव घेत नाही. दिसायला एकदम झकास, रंगीत पट्ट्या वगैरे. पण जमत नसलं की नुसती लाल पट्टी, का जमत नाही ते सांगणार नाही. सपोर्टला विचारलं तर म्हणे स्ट्रीम कमी करून बघा. अहो, स्ट्रीम कमी करायच्या असत्या तर एक्सेलच काय वाईट होतं!

शेवटी पायथनमध्ये स्वतःच लिहिलं. पहिल्यांदा झी३ वर, हा एसएमटी सॉल्व्हर, म्हणजे अटी दिल्या की त्या सगळ्या पाळणारं उत्तर शोधणारा प्रोग्राम; या विषयातले बरेचसे पेपर असेच सॉल्व्हर घेऊन लिहिलेत. वीस स्ट्रीमला काही सेकंद, चाळीसला चहा पिऊन या, साठला मात्र रात्रभर लावून ठेवलं आणि सकाळी पंखा गरगरतोय, उत्तर नाही. यात माझ्या मॉडेलचाही दोष असेल, मी काही सॉल्व्हरची डॉक्टर नाही. मग तेच ओआर-टूल्सच्या सीपी-सॅट या दुसऱ्या सॉल्व्हरवर लिहिलं, प्रत्येक फ्रेम म्हणजे एक इंटरव्हल आणि प्रत्येक लिंकवर नो-ओव्हरलॅप, सगळं नॅनोसेकंदांच्या पूर्णांकात कारण त्याला अपूर्णांक चालतच नाहीत. साठ स्ट्रीम दोन मिनिटांच्या आत. झी३ मी काढून टाकलेलं नाही पण, शेड्युल बसत नसेल तेव्हा त्याचा अनसॅट कोर बघते, कुठल्या अटी एकमेकींच्या नरड्याला लागल्यात ते कळतं. त्या ट्रायलवाल्यात नेमकं हेच नव्हतं.

आता खरा डोक्याला ताप. सॉल्व्हर हे दोन आठवड्यांचं काम होतं, बाकीचे सात महिने गेले ते त्याला खायला घालायचे आकडे खरे आहेत का हे बघण्यात.

पहिला किस्सा पिरियडचा. पिरियड म्हणजे स्ट्रीम किती वेळाने परत पाठवायची ते. आमचे १ आणि १.५ मिलिसेकंद, त्यामुळे यादी ३ मिलिसेकंदांनी परत सुरू होते. एक दिवस कॅमेऱ्यांचं बघणारा व्हिजनवाला मुलगा आला, मला ०.७ पाहिजे म्हणाला. आता ०.७, १ आणि १.५ चा लसावि काढा, २१ येतो. यादी सातपट लांब, सॉल्व्हर बसला गुदमरत आणि स्विचमध्ये तेवढ्या ओळी मावायलाही पाहिजेत ना. त्याला म्हटलं, अरे ०.७५ चालेल का? "चालेल की, मी आपलं अंदाजे लिहिलं होतं." ०.७५ घातल्यावर पुन्हा ३ मिलिसेकंद. शाळेतला लसावि एवढ्या वर्षांनी असा कामाला येईल वाटलं नव्हतं.

दुसरा गार्ड बँडचा. फाटक बंद व्हायच्या तोंडाशी एखादी मोठी फ्रेम निघाली तर ती पुढच्याची वेळ खाते, म्हणून शेवटी थोडी जागा मोकळी सोडतात. व्हीलॅन टॅगसकट सगळ्यात मोठी फ्रेम आणि मागचंपुढचं धरून १५४२ बाइट, गिगाबिटवर १२.३ मायक्रोसेकंद, कोणाला पत्ताही लागत नाही. पण एक जुना ड्राइव्ह १०० एमबीपीएसचा, तिथे तेच १२३ मायक्रोसेकंद होतात. मी ते यादीत सोडले होते, आणि आमचा स्विचही न सांगता स्वतःहून तेवढेच सोडत होता! साध्या डेटाच्या ५०० मायक्रोसेकंदांच्या खिडकीतले जवळपास निम्मे हवेत. कळलं कसं, तर त्या ड्राइव्हचं फर्मवेअर अपडेट करायला घेतलं आणि ते काही संपेचना. मॅन्युअलमध्ये याबद्दल अवाक्षर नाही. फ्रेम प्रिएम्प्शन (मोठी फ्रेम मध्येच थांबवून घाईची आधी सोडायची सोय) असतं तर हा त्रास बराच कमी झाला असता पण ते दोन्ही टोकांना लागतं, आणि ड्राइव्ह म्हातारा.

तिसरा किस्सा माझा सगळ्यात लाडका, कारण यात मी नऊ दिवस घालवले. १ मिलिसेकंदाच्या सगळ्या स्ट्रीम अगदी चोख, पण एका पीसीकडून जाणाऱ्या १.५ वाल्या प्रत्येक वेळी बरोबर ५०० मायक्रोसेकंद स्विचमध्ये अडकून मग पुढे. बरोबर ५००, रोज. केबल बदलली, पोर्ट बदलला, सॉल्व्हरवर संशय घेतला, स्वतःवर घेतला. शेवटी पीसीवर घड्याळं बघितली तर कर्नलचा टीएआय ऑफसेट शून्य. टीएआय म्हणजे अणुघड्याळांची वेळ, ती आपल्या नेहमीच्या यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे असते, स्विच टीएआयवर चालतो, आणि हा पीसी यूटीसीलाच टीएआय समजून पाठवत होता. आता गंमत बघा, ३७ सेकंदांना ३ मिलिसेकंदांनी भागलं तर बाकी १ मिलिसेकंद उरते. म्हणजे पीसीचं अख्खं शेड्युल १ मिलिसेकंदाने सरकलेलं. १ वाल्यांना काय फरक पडतो, एक घर सरकून परत आपल्याच जागेवर. १.५ वाल्या मात्र पुढच्या फाटकाच्या अर्धा मिलिसेकंद आधी येऊन ताटकळत उभ्या. आणि डेमोच्या वेळी नुसत्या १ वाल्याच स्ट्रीम होत्या, म्हणून तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आमचे पॅनलवाले काका बेस टाइमला, म्हणजे यादी ज्या क्षणापासून सुरू होते त्याला, तेव्हापासून मुहूर्त म्हणतात. "मॅडम, मुहूर्त बघितला का?" असं रोज मशीन चालू करताना विचारतात, आणि खरंच मी आता एक छोटी स्क्रिप्ट ठेवलीय जी सगळ्या पीसींवर तो ३७ आहे का हे आधी बघते आणि नसेल तर मशीन सुरूच होऊ देत नाही.

पीसीसाठी नेटवर्क कार्ड घेताना एक लक्षात ठेवा. इंटेलच्या आय२२६ वर हार्डवेअरचं फाटक मिळतं हे खरं, पण एका सायकलमध्ये एका रांगेचं फाटक एकदाच उघडता येतं. ३ मिलिसेकंदांत तीनदा पाठवायचं असेल तर टॅप्रिओ सरळ नाही म्हणतो. मी पीसींना आय२१० वर लाँच टाइमने (प्रत्येक फ्रेमला निघायची वेळ लावून) पाठवायला लावलंय, फाटकं सगळी स्विचकडे. चाललंय बरं.

विकत घेऊ का स्वतः बनवू असं दोघातिघांनी विचारलंय. पन्नास-साठ स्ट्रीम आणि पायथन येणारं एक माणूस असेल तर स्वतः बनवा. शेकड्यांनी स्ट्रीम आणि चार कंपन्यांचे स्विच असतील तर विकतचं घ्या, पण पैसे द्यायच्या आधी त्यांना एक मुद्दाम न जमणारं उदाहरण द्या आणि ते काय बोलतं बघा.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. नवीन स्ट्रीम आली की जुन्या सगळ्या जागच्या जागी ठेवून फक्त तीच बसवायची, एवढं होतं. पण सगळंच हलवायची वेळ आली तर चालू मशीनवर जुनी यादी काढून नवी लावताना चार-पाच फ्रेम हमखास जातात आणि ड्राइव्ह लगेच फॉल्ट मारतो. चारही स्विचना पुढचा एकच मुहूर्त देऊनही. त्यामुळे सध्या जेवणाच्या सुट्टीत बदलते, काका डबा उघडतात तेव्हा.