ग्रे कार्ड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एका घरगुती समारंभाचे फोटो नंतर निवांत पाहायला बसलो, तर एकाच खोलीतले सलग तीन फोटो तीन रंगांचे निघाले. चेहरे एकात पिवळट, एकात बरे, एकात निळसर. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर होता, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग किती सुधारायचा हे तोच ठरवत होता, आणि फ्रेममध्ये लाल पडदा आला की तो उजेडच लाल समजून उलट बाजूला झुकत होता. त्यानंतर ग्रे कार्ड घेतलं: कुठल्याही रंगाकडे न झुकणारं करडं कार्ड. त्याचा एक फोटो काढायचा आणि ‘हे करडं आहे’ असं सांगून त्यावरून बाकीच्या फोटोंचे रंग जुळवायचे.

ज्याचा फोटो काढायचा त्याच्यावर पडणाऱ्या उजेडातच कार्ड धरायचं, हे ऐकायला सोपं आहे, पण अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले. माणूस खिडकीशी, बाहेर ढगाळ, म्हणजे साधारण ६५०० केल्विन (उजेडाचा रंग या एककात मोजतात). आणि कार्ड माझ्या हातात, २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली. फोटोतला माणूस पार निळा पडला! आता मी कार्ड त्याच्याच हातात देतो.

केल्विनचा घोळही इथेच सुटला. उजेडाचा आकडा जितका मोठा तितका तो निळा, मग कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो पिवळा का होतो? कारण आपण कॅमेऱ्याला ‘उजेड इतका निळा आहे’ असं सांगतो आणि तो भरपाई म्हणून पिवळा रंग घालतो.

कार्डाऐवजी पांढरा कागद वापरून पाहिला होता. बहुतेक कागदांत चमक आणणारी रसायनं असतात, ती अतिनील किरणांत निळसर उजळतात, आणि त्यावरून बॅलन्स केला की फोटो पिवळट येतो. ट्यूबलाइटखाली तर कार्डाला पर्याय नाही. तिथली हिरवी झाक नुसत्या केल्विनने जात नाही, टिंटही, म्हणजे हिरवा-किरमिजी तोलही, हलवावा लागतो; नंतर संगणकावर फोटोतल्या कार्डावर एक क्लिक केलं की दोन्ही जागेवर येतात. फोटो मात्र रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, जेपेगमध्ये नंतर फार काही हाती राहत नाही.

खिडकी आणि दिवा दोन्हींचा उजेड एकाच चेहऱ्यावर असेल तर कार्ड हतबल आहे. मी सरळ दिवा बंद करतो.

आणि मेणबत्तीच्या उजेडात मी ते बाहेरच काढत नाही. एकदा काढलं होतं. सुमारे १९०० केल्विनचा तो उजेड कार्डाने अगदी बरोबर पांढरा केला आणि फोटोतली संध्याकाळच गेली. मग केल्विनचा आकडा हाताने ३००० वर नेला, तेव्हा ती परत आली.