१.१.१.३ फॅमिली डीएनएस : जिथे रिचार्जच जड जातो त्या घरांसाठी

मी ज्या घरांमधे नेट चालू करून द्यायला मदत करते तिथे बहुतेक वेळा एकच फोन असतो, तोही कोणीतरी वापरून दिलेला, त्यावरच आईचं काम, त्यावरच मुलांचा अभ्यास. रिचार्जच कसाबसा होतो, मग सेफ इंटरनेटसाठी दर महिन्याला वेगळे पैसे भरा हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आधी एक चाइल्ड लॉकचं अ‍ॅप टाकून बघितलं होतं, ट्रायल संपल्यावर पैसे मागायला लागलं आणि जुना फोन इतका स्लो झाला की मुलाचा अभ्यासच अडला. काढून टाकलं.

त्यानंतर क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीचा हा डीएनएस लावायला लागले. आपण साइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता शोधून देणारी सर्व्हिस म्हणजे डीएनएस, आणि हा फॅमिलीवाला व्हायरसच्या आणि अश्लील साइटचा पत्ताच देत नाही, म्हणून पान उघडत नाही, एवढं साधं आहे. एप्रिल २०२० मधे आलाय, फुकट आहे, अकाउंट लागत नाही. सेटिंगमधे टाकायचा याचा नंबर, फक्त व्हायरसच्या साइट अडवायच्या तर १.१.१.२, दोन्ही अडवायचं तर १.१.१.३.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा फोन असेल तर सेटिंगमधे प्रायव्हेट डीएनएस म्हणून ऑप्शन आहे, तिथे फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम टाकलं की मोबाईल डेटावर पण चालतं. ज्यांच्याकडे वायफायच नाही त्यांच्यासाठी हे फार मोठं आहे, कारण बाकीचे सगळे उपाय घरात राउटर, म्हणजे वायफायचा डबा, आहे असं धरूनच सांगितलेले असतात.

राउटर असेल तर त्यात १.१.१.३ आणि दुसऱ्या रकान्यात १.०.०.३ टाका. दुसऱ्या रकान्यात दुसरा कुठलातरी साधा डीएनएस ठेवू नका, ही चूक मी केलीये, कधी साइट अडायची कधी उघडायची आणि मला दोन दिवस कारण कळलं नाही. आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर तिथलेही पत्ते बदलावे लागतात. लावून झालं की कंपनीचं टेस्टचं पान आहे, मालवेअर डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम, ते उघडलं नाही तर समजा नीट लागलंय.

आता हे काय करत नाही ते पण सांगते, कारण लावलं की सगळं सेफ असं लोक धरून चालतात. यूट्यूबच्या आतला एखादा नको तो व्हिडिओ हा वेगळा काढून अडवू शकत नाही. फसवणुकीची आज सकाळीच बनवलेली साइट कंपनीच्या अडवायच्या लिस्टमधे नसेल तर उघडणारच, आणि ओटीपी विचारणारा फोन तर कुठलाच डीएनएस थांबवत नाही. व्हीपीएन (नेट दुसऱ्याच मार्गाने फिरवणारं अ‍ॅप) टाकलं किंवा सेटिंग बंद केली की फिल्टर गेला, मोठी मुलं हे पटकन शिकतात. सुरुवातीला काही एलजीबीटी साइट पण चुकून अडत होत्या, ते कंपनीने मान्य करून दुरुस्त केलं.

अजून एक, लायब्ररी किंवा स्टेशनच्या फुकट वायफायवर हे चालू असताना लॉगिनचं पान कधी कधी येतच नाही. घरच्यांना वाटतं फोन बिघडला. म्हणून मी लावून देऊन लगेच निघत नाही, आईच्याच हाताने प्रायव्हेट डीएनएस एकदा बंद आणि परत चालू करून घेते, लॉगिन झालं की परत चालू करायचं हे दोनदा सांगते.

अँड्रॉइड ८ किंवा त्याआधीच्या फोनच्या सेटिंगमधे हा ऑप्शनच नाही, तिथे वायफायपुरता हाताने टाकता येतो पण मोबाईल डेटासाठी नाही. त्यामुळे आता कोणी जुना फोन द्यायला आलं की आधी अँड्रॉइड कितवं ते बघते, आणि ९ च्या खालचा असेल तर ज्या घरात वायफाय आहे तिथेच देते.